दोन चमचे सारखे निघतात का?

बोर्डो मिश्रण, म्हणजे पिकावर बुरशीविरुद्ध फवारायचे औषध, करायला घेतले की बांधावर दोन पिंपे मांडली जातात. एकात मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, विरघळलेला असतो. पाणी निळेशार, पण आरपार. तळाशी रुपयाचे नाणे पडले तर वरून दिसेल. दुसऱ्यात चुना कालवलेला असतो. ते पाणी पांढरे, दुधाळ. काठी बुडवली तर दोन बोटांखाली दिसेनाशी होते. आता दोन्ही पिंपे तासभर हात न लावता तशीच राहू द्या. निळे पिंप होते तसेच राहते. पांढऱ्यात मात्र वरचे पाणी निवळू लागते आणि चुन्याचा साका तळाशी बसतो.

निळे पाणी समांगी मिश्रण, पांढरे विषमांगी. शाळेच्या पुस्तकात हा विषय मीठपाणी आणि वाळूपाणी एवढ्यावर आटोपतो आणि मुलांना तो परीक्षेपुरता वाटतो. प्रत्यक्षात फवारणीचा पंप, डेअरीवर लागणारी फॅट, औषधाची बाटली आणि माती परीक्षणाचा अहवाल, सगळ्यांचे गणित याच एका फरकावर चालते.

व्याख्या सोपी आहे. मिश्रणाच्या कुठल्याही भागातून घेतलेल्या नमुन्यात घटकांचे प्रमाण तेच निघाले तर मिश्रण समांगी. जागेप्रमाणे बदलले तर विषमांगी. ध्यानात ठेवायला दोन चमचे पुरतात, एक वरचा आणि एक तळाचा. मोरचुदाच्या पिंपातले दोन्ही चमचे सारखे. चुन्याच्या पिंपातला वरचा चमचा जवळजवळ पाणी, तळाचा जवळजवळ चुना.

इथे स्वयंपाकघरातला एक शब्द घोटाळा करतो. बेसन पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत फेटले की आपण म्हणतो, 'मिश्रण एकजीव झालं.' रसायनशास्त्राच्या हिशेबाने ते समांगी झालेले नसते. बेसनाचे कण पाण्यात विरघळले नाहीत, फक्त सारखे पसरले. भांडे तासभर ठेवा, तळाशी घट्ट थर आणि वर पातळ पाणी दिसेल. एकजीव होणे म्हणजे नीट ढवळले जाणे. समांगी होणे म्हणजे एका पदार्थाचे रेणू किंवा आयन दुसऱ्याच्या रेणूंमध्ये सुटे होऊन मिसळणे. आयन म्हणजे विद्युतभार असलेले सुटे कण. मीठ, मोरचूद असे क्षार पाण्यात आयनांच्या रूपात विरघळतात.

रंगावरून तर काहीच ठरत नाही. मोरचुदाचे पाणी गडद निळे आणि समांगी आहे. उलट गढूळपणा इतका कमी असू शकतो की पाणी बिनरंगी वाटते, तरीही ते विषमांगी असते. पाहायचे ते आरपार दिसते का, एवढेच. आणि तेही पुरेसे नाही, ते पुढे येईलच.

विरघळण्याचा वेळ

समांगी मिश्रण आपोआप आणि लगेच होते अशी समजूत आहे. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात टाकून निघून जा आणि तासाभराने या. तळाशी खडे बऱ्यापैकी शिल्लक असतात, त्यांच्याभोवती काळसर निळे पाणी असते आणि वरचे पाणी फिकट. खड्याला लागून असलेले पाणी मोरचूद शोषून जड होते आणि तिथेच बसून राहते. खड्याला नवे पाणी भेटतच नाही. ढवळले नाही तर वरच्या आणि खालच्या चमच्यांतला हा फरक दिवसभरही टिकतो. चहात साखर घालून न ढवळता प्यायले की शेवटचा घोट पाकासारखा लागतो, ते याचमुळे.

यावर उपाय जुना आहे. मोरचूद फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पिंपाच्या तोंडाशी, पाण्याच्या पृष्ठभागाखाली जेमतेम बुडेल असा टांगायचा. जड झालेले निळे पाणी पुरचुंडीतून धारेसारखे खाली उतरते, त्याची जागा घ्यायला हलके पाणी वर येते. पाणी स्वतःच स्वतःला ढवळते. निळ्या धारा खाली सरकताना स्पष्ट दिसतात. शाळेत काचेच्या चंचुपात्रात मुलांना दाखवण्यासारखा हा प्रयोग आहे. एकदा मोरचूद पूर्ण विरघळून सारखा पसरला की मात्र तो पुन्हा तळाशी बसत नाही, वर्षभर ठेवला तरी.

पिंप प्लॅस्टिकचे, लाकडी किंवा मातीचे घ्यायचे. लोखंडी पिंपात विरघळलेले तांबे भांड्याच्या पत्र्यावर चढते आणि लोखंड पाण्यात उतरते. म्हणजे औषधही गेले आणि पिंपही.

विरघळण्याला मर्यादाही असते. २५ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळते. त्यानंतर घातलेले चमचाभर मीठ तळाशी तसेच पडून राहते. वरचे संतृप्त द्रावण समांगी, तळाच्या मिठासकट संपूर्ण भांडे विषमांगी. साखर याच पाण्यात सुमारे २०० ग्रॅम मावते, म्हणूनच पाक होतो. आणि चुना? लिटरला जेमतेम दीड ग्रॅम.

या दीड ग्रॅमात दुसऱ्या पिंपाचे सगळे रहस्य आहे. एक किलो कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, पाणी पिऊन विरला की साधारण १.३ किलो विरलेला चुना होतो. पन्नास लिटर पाण्यात त्यातला ७५-८० ग्रॅमच विरघळतो. बाकी सव्वा किलोच्या आसपास चुना नुसता तरंगत असतो, म्हणून पाणी दुधाळ दिसते. ते निवळू दिले की वर राहते ती चुन्याची निवळी, म्हणजे चुन्याचे संतृप्त, समांगी द्रावण. एकाच पिंपात वर समांगी आणि खाली विषमांगी. 'निवळी' हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला त्याला हा फरक नीट कळला होता.

दोन पिंपे एकत्र येतात तेव्हा

एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि एकूण शंभर लिटर पाणी. पन्नास लिटरमध्ये मोरचूद, पन्नास लिटरमध्ये चुना. चुना विरवताना पाणी थोडे थोडे घालायचे, कारण उष्णता फार निघते आणि उकळते शिंतोडे उडतात. डोळे आणि हात झाकलेले हवेत. विरलेला चुना पूर्ण थंड झाला की गाळून घ्यायचा. मग मोरचुदाचे निळे पाणी चुन्याच्या दुधात, धार धरून, लाकडी काठीने सतत ढवळत ओतायचे. किंवा दोघांनी दोन बाजूंनी दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या पिंपात सोडायचे. उलट, म्हणजे चुना मोरचुदात, ओतायचा नाही.

पिंपात जे तयार होते ते आकाशी रंगाचे, मऊ, जेलीसारख्या बारीक कणांचे मिश्रण असते. इथे नुसती सरमिसळ झालेली नाही, रासायनिक क्रिया झालेली आहे. विरघळलेले तांबे चुन्याशी संयोग पावून न विरघळणाऱ्या निळसर पदार्थात बांधले गेले. समांगी पाण्यातून तांबे बाहेर पडले आणि विषमांगी मिश्रणाचा कण झाले. हे हवेच असते. विरघळलेले मोकळे तांबे पान जाळते. कणांत बांधलेले तांबे पानाला चिकटून राहते आणि थोडे थोडे सुटत बुरशीला रोखते.

पाणी भरपूर आणि थंड का, याचे उत्तरही कणांच्या आकारात आहे. पातळ आणि थंड द्रावणे एकत्र आली की कण बारीक आणि मऊ होतात, पाण्यात बराच वेळ तरंगतात आणि पानावर पातळ थर धरतात. गरम चुन्यात किंवा घट्ट द्रावणात हीच क्रिया केली तर कण भरड होतात, लवकर तळाशी बसतात आणि वाळल्यावर पानावरून झडतात. तयार मिश्रण रात्रभर ठेवले तरी तेच होते. मऊ कण हळूहळू स्फटिकासारखे कडक आणि मोठे होत जातात. म्हणून बोर्डो त्याच दिवशी संपवायचे. सकाळचे उरलेले दुसऱ्या दिवशी ढवळून पुन्हा निळे दिसते, पण ते पहिले मिश्रण राहिलेले नसते.

आता तांबे खरोखर सगळे बांधले गेले का, हे कसे कळणार? विळ्याचे पाते घासून लख्ख करा आणि मिश्रणात मिनिटभर बुडवा. पात्यावर लालसर तपकिरी थर चढला तर पाण्यात मोकळे तांबे अजून आहे. चुन्याचे दूध थोडे थोडे घालत पाते लख्ख निघेपर्यंत तपासायचे. बारकाईने पाहिले तर हा विळा एकच प्रश्न विचारतो आहे: तांबे समांगी भागात उरले आहे की विषमांगी भागात गेले आहे? चांगला, ताजा चुना असेल तर हिशेबाने एक किलो मोरचुदातले सगळे तांबे बांधायला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास शुद्ध कळीचा चुना पुरतो. पण बाजारातला चुना किती शुद्ध आणि हवेने किती मेलेला, याचा भरवसा नसतो. एक किलोचे प्रमाण या बेभरवशासाठीही आहे.

या मिश्रणाचे नाव फ्रान्समधल्या बोर्डो या द्राक्षप्रदेशावरून आले. तिथे रस्त्यालगतच्या वेलींवरची द्राक्षे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी खाऊ नयेत म्हणून शेतकरी मोरचूद-चुना फासत. त्याच वेली केवडा (डाऊनी) या बुरशीच्या रोगातून वाचतात हे वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. आपल्याकडे द्राक्षावरच्या याच डाऊनीसाठी आणि कोकणात सुपारीची फळे सडवणाऱ्या कोळेरोगासाठी ते अजून वापरात आहे.

कण किती मोठा, त्यावर सारे

समांगी आणि विषमांगी यांच्यामध्ये एक भिंत आहे असे वाटते. खरे तर ती उतरण आहे, आणि ती कणाच्या आकाराने मोजतात. कण एका नॅनोमीटरपेक्षा लहान, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहून लहान असतील तर ते खरे द्रावण. एक नॅनोमीटर ते एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत असतील तर कलिल. त्याहून मोठे असतील तर निलंबन. कलिल आणि निलंबन दोन्ही विषमांगी. या सीमा माणसाने सोयीसाठी आखल्या आहेत. कण काही फूटपट्टी घेऊन वागत नाहीत.

आकाराचा परिणाम मात्र जबरदस्त असतो. पाण्यात बसणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मातीचा १०० मायक्रॉनचा कण, म्हणजे बारीक वाळू, दहा सेंटिमीटर पाणी दहा-बारा सेकंदांत उतरतो. दहा मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतराला वीस मिनिटांच्या आत-बाहेर लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला एकतीस तास. आणि एक दशांश मायक्रॉनचा कण हिशेबाने चार महिने घेईल, पण प्रत्यक्षात पाण्याचे रेणू त्याला इतके धक्के देत राहतात की तो बसतच नाही. म्हणून पावसाळ्यात नदीचे पाणी बादलीत भरून ठेवले की वाळू लगेच खाली जाते, पण चहासारखा रंग चार दिवसांनीही तसाच राहतो.

फवारणीत हाच हिशेब पंपाला लागतो. पाण्यात मिसळणारी भुकटी, जिच्या पाकिटावर डब्ल्यूपी लिहिलेले असते, तिचे निलंबन होते. ती पंधरा-सोळा लिटरच्या पाठीवरच्या पंपात थेट टाकली तर गुठळ्या होतात. आधी डब्यात थोड्या पाण्यात तिची लापशीसारखी पातळ पेस्ट करून मग ती पंपात घालायची. तरीही मधल्या विश्रांतीत कण खाली बसतात. पुन्हा सुरू करताना पंप न हलवता फवारले तर आधीच्या झाडांवर तळाचे घट्ट औषध जाते आणि शेवटच्या झाडांवर पाणी, कारण पंप तळातून ओढतो. शिवाय साका नोझलच्या जाळीत अडकतो आणि मग लोक नोझल तोंडाने फुंकतात, जे कधीच करू नये.

ईसी लिहिलेले औषध तेलकट द्रावकात असते. पाण्यात पडताच दुधासारखा ढग उठतो: तेलाचे बारीक थेंब पाण्यात, म्हणजे पायस. हेही विषमांगीच, फार वेळ ठेवले तर थेंब एकत्र येऊन वर मलईसारखा पट्टा येतो. एसएल लिहिलेले औषध पाण्यात पूर्ण विरघळते आणि पंपातले पाणी आरपार दिसते. तिथे ढवळण्याची गरज एकदाच, सुरुवातीला. बाटली हातात घेतल्यावर ही दोन अक्षरे वाचणे आणि त्यानुसार पंप हलवणे, यात फवारणीचा अर्धा गुण-अवगुण ठरतो. घरातल्या औषधाच्या बाटलीवर 'वापरण्यापूर्वी हलवा' लिहिलेले असते त्याचे कारणही हेच. निलंबन न हलवता पाजले तर पहिल्या दिवशी मुलाला कमी औषध जाते आणि शेवटच्या दिवशी जास्त.

दूध: पिशवीवर एक, पुस्तकात दुसरे

दुधाच्या पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' छापलेले असते. शब्दाचा अर्थ एकसमान केलेले. मग विज्ञानाच्या पेपरात 'दूध समांगी' लिहिले तर गुण का जातात?

दुधात तिन्ही प्रकार एकत्र नांदतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पाण्यात पूर्ण विरघळलेली असते; तो भाग खरे द्रावण. केसीन या प्रथिनाचे कण शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या घरातले, म्हणजे कलिल. आणि स्निग्धांशाचे थेंब सरासरी तीन-चार मायक्रॉनचे, काही दहापर्यंत जाणारे. हे थेंब पाण्यापेक्षा हलके, म्हणून वर येतात. न तापवलेले दूध रात्रभर ठेवले की वर मलईचा थर येतो तो याचा. तापवलेल्या दुधावरच्या सायीत प्रथिनांचाही हात असतो, ती गोष्ट जरा वेगळी.

होमोजिनायझर हे यंत्र ऑग्यूस्त गोलँ या फ्रेंच माणसाने १८९९ मध्ये पेटंट केले. दूध प्रचंड दाबाने अगदी अरुंद फटीतून ढकलले जाते आणि स्निग्धांशाचे थेंब फुटून मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान होतात. व्यास एक पंचमांश झाला की वर येण्याचा वेग पंचवीस पटीने मंदावतो. म्हणून पिशवीतल्या दुधावर मलईचा थर साचत नाही. पण थेंब थेंबच राहिले, विरघळले नाहीत. दूध पांढरे दिसते तेच मुळी या थेंबांवर आणि केसीनच्या कणांवर प्रकाश विखुरल्यामुळे. रसायनशास्त्राच्या भाषेत होमोजिनाइज्ड दूधही विषमांगीच. पिशवीवरचा शब्द यंत्राच्या कामाचे वर्णन करतो, पुस्तकातला शब्द पदार्थाच्या रचनेचे.

गावातल्या संकलन केंद्रावर या फरकाचे पैसे होतात. दुधाचा दर फॅट, म्हणजे स्निग्धांश, आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ, यांवर लागतो. कॅनमध्ये दूध तासभर स्थिर राहिले असेल आणि नमुना वरून घेतला तर फॅट जास्त लागेल, तळातून घेतला तर कमी. दूध तेच, कॅन तोच. म्हणून नमुना घेण्यापूर्वी दूध एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-तीनदा ओतायचे किंवा दांड्याने तळापासून वर ढवळायचे. जोरात घुसळायचे मात्र नाही. लोण्याचे कण जमू लागले की तो नमुना गेला. 'आज फॅट कशी काय कमी लागली' या तक्रारीचे उत्तर दर वेळी भेसळीत नसते, पुष्कळदा न ढवळलेल्या कॅनमध्ये असते. एसएनएफमधल्या लॅक्टोजला ही अडचण नाही. ते विरघळलेले आहे, कॅनमधल्या पाण्याबरोबर सगळीकडे सारखेच असते.

अंधारात टॉर्च

डोळ्यांना आरपार दिसणारे पाणी समांगी आहे की कलिल, हे ओळखायला प्रकाशाचा झोत लागतो. तीन सारखे काचेचे ग्लास घ्या. एकात नुसते पाणी, दुसऱ्यात चमचाभर साखर विरघळलेले पाणी, तिसऱ्यात पाणी आणि दुधाचे दोन थेंब. खोली अंधारी करा आणि लेझर पॉइंटर किंवा अरुंद झोताची टॉर्च बाजूने लावा. झोत डोळ्यांत जाऊ देऊ नका. पहिल्या दोन ग्लासांत झोताची वाट दिसत नाही. तिसऱ्यात ती उजळ रेघेसारखी दिसते. याला टिंडल परिणाम म्हणतात. पांढरी टॉर्च लावून बाजूने पाहिले तर दुधाचे पाणी निळसर दिसते आणि थेट समोरून पाहिले तर तांबूस.

हा प्रयोग वर्गात फसतो तो बहुधा तीन कारणांनी. पहिले, नळाच्या पाण्यात आधीच बारीक कण असतात, म्हणून साध्या पाण्यातही रेघ उठते. आरओचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. दुसरे, दूध जास्त पडते आणि ग्लास पांढराफटक होऊन रेघेऐवजी नुसता उजेड दिसतो. तिसरे कारण मजेशीर आहे. साखरेऐवजी पाकिटातले मीठ घेतले तर पाणी किंचित धुरकट होते आणि मुले 'मीठपाणी विषमांगी' असा निष्कर्ष काढतात. चूक मुलांची नसते. मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात थोडासा न विरघळणारा पदार्थ घातलेला असतो, तो तरंगतो. खडेमिठाचे पाणी करून गाळून घेतले की शंका मिटते.

प्रत्येक समांगी मिश्रण पातळच असते असेही नाही. गाळलेली कोरडी हवा समांगी आहे: ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, एक टक्क्याच्या आत अरगॉन आणि इतर. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्ताचे पितळ हेही घनरूपातले समांगी मिश्रण. जस्त चाळीस भागांवर नेले की सूक्ष्मदर्शकाखाली दोन वेगळ्या जातींचे कण दिसू लागतात आणि तेच पितळ विषमांगी ठरते. धूर आणि धुके विषमांगी. यावर जास्त रेंगाळायचे कारण नाही.

वेगळे करायचे तर

विषमांगी मिश्रण वेगळे करायला साधी साधने चालतात, कारण कण वेगळे आधीच आहेत: निवडणे, चाळणे, निथळणे, गाळणे. फक्त गाळणीचे भोक कणापेक्षा लहान हवे. प्रयोगशाळेतला साधा गाळण कागद दहा मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवतो. गढूळ पाण्यातली चिकणमाती त्यातून सरळ पार होते आणि विद्यार्थी कागदाला दोष देतो.

तिथे तुरटी कामाला येते. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत सुटे राहतात. तुरटीतले ॲल्युमिनियम तो भार मारते आणि कण पुंजक्यांनी एकत्र येतात. पुंजका मोठा झाला की व्यासाच्या वर्गाचा नियम आपल्या बाजूने वळतो. वीस लिटर गढूळ पाण्याला साधारण एक ग्रॅम तुरटी पुरते. ती विरघळवून घाला, मिनिटभर जोरात ढवळा, मग दहा-पंधरा मिनिटे अगदी संथ. संथ ढवळण्यातच पुंजके वाढतात; जोर लावला तर झालेले पुंजके तुटतात. नंतर तास-दोन तास स्थिर ठेवून वरचे पाणी निथळून घ्या. तुरटी जास्त पडली तर पाणी आंबटसर होते आणि कणांवर उलटा भार चढून ते पुन्हा सुटे होतात, म्हणजे जास्त घालून जास्त गढूळ.

पण तुरटी फक्त विषमांगी भागाला हात लावते. पाण्यात विरघळलेले क्षार आणि नायट्रेट तिथेच राहतात. जंतूंपैकी काही पुंजक्यांबरोबर खाली जातात, सगळे नाही. म्हणून उकळणे किंवा क्लोरिन टाळता येत नाही. काचेसारखे स्वच्छ दिसणारे विहिरीचे पाणी पिण्यालायक असेलच असे नाही, ते एवढ्यासाठी.

समांगी मिश्रण वेगळे करायला गाळणी निरुपयोगी. तिथे पदार्थाची अवस्था बदलावी लागते: वाफ करा, गोठवा किंवा स्फटिक पाडा. उरण-पेणच्या मिठागरांत हे उन्हाने होते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातले सुमारे २७ ग्रॅम खायचे मीठ. पाणी आटत जाते तसे आधी जिप्सम पडते. पाणी मूळच्या सुमारे एक दशांश उरले, म्हणजे पाण्याची घनता मोजणाऱ्या बोमे मापकावर २५ अंशांच्या आसपास आले, की मीठ धरू लागते. आणि इथेच थांबायचेही असते. ३० अंशांच्या जवळ आलेले कडू पाणी काढून टाकावे लागते, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार साचलेले असतात. ते मिठाबरोबर वाळू दिले तर मीठ कडवट होते आणि हवेतले पाणी ओढून ओले राहते. एकाच समांगी पाण्यातून वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, आणि मिठागरातले कसब म्हणजे ती वेळ पकडणे.

मातीचा चमचा

विषमांगीपणाचा कळस पाहायचा तर शेतातली माती. दगड, वाळू, चिकणमाती, कुजलेले शेण, मुळे, कालच्या खताचे दाणे. इथे दोन चमचे कधीच सारखे निघणार नाहीत, आणि प्रयोगशाळा तर आपल्या अर्ध्या किलोमधली काही ग्रॅम मातीच तपासते. मग अख्ख्या शेताचा अंदाज त्यावरून कसा बांधायचा? नमुना घेण्याच्या पद्धतीने.

नागमोडी चालत दहा-बारा किंवा अधिक ठिकाणी खुणा करायच्या. बांधाजवळ, झाडाखाली, विहिरीपाशी, जनावरे बांधतात तिथे आणि उकिरड्याजवळ खूण करायची नाही. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, हंगामी पिकासाठी वीस-बावीस सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा, त्यातली माती काढून टाकायची आणि खड्ड्याच्या बाजूची दोन सेंटिमीटर जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची. सगळ्या खड्ड्यांची माती स्वच्छ कापडावर एकत्र करून, ढेकळे फोडून मिसळायची. ढिगाचे चार सारखे भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. ढीग समांगी झालेला नसतो, होणारही नाही. पण शेतात असलेले सगळे प्रकार त्या अर्ध्या किलोत आपापल्या प्रमाणात येतात.

माती सावलीत वाळवून स्वच्छ पिशवीत भरायची. खताच्या रिकाम्या गोणीत नाही. हेक्टरवरच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात साधारण २२.४ लाख किलो माती धरतात. गोणीच्या शिवणीला चिकटलेले एक ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पालाशाचे खत, अर्ध्या किलोच्या नमुन्यात मिसळले, तर हिशेबाने अहवालात हेक्टरी अडीच हजार किलोंहून जास्त पालाश फुकटच वाढते.